पावसाळी रेल्वे छायाचित्रण

पावसाळी रेल्वे छायाचित्रण म्हणजे मुसळधार पावसात धावणाऱ्या किंवा साचलेल्या पाण्यामुळे खोळंबलेल्या प्रवासी गाड्यांची छायाचित्रे टिपणे होय. छंद, वृत्तछायाचित्रण आणि दस्तऐवजीकरण अशा तिन्ही अंगांनी ते केले जाते. थंड प्रदेशांतील शहरांत हिमवादळातील गाड्या हा छायाचित्रकारांचा आवडता विषय असतो. मुंबई महानगर प्रदेशात तेच स्थान जून ते सप्टेंबरमधील मोसमी पावसाला आहे.

पार्श्वभूमी
मुंबईचे दैनंदिन जीवन उपनगरी रेल्वेवर अवलंबून आहे. रुळांवर पाणी चढल्यास गाडीच्या तळाशी असलेल्या विद्युत मोटरींना धोका पोहोचतो. त्यामुळे गाड्यांचा वेग कमी केला जातो किंवा वाहतूक थांबवली जाते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली आणि उपनगरी सेवा ठप्प झाली. २७ जुलै २०१९ रोजी मुंबईहून कोल्हापूरकडे निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर व वांगणीदरम्यान उल्हास नदीच्या पुरात अडकली. चहूबाजूंनी पाण्याने वेढलेली गाडी आणि बोटींतून बाहेर काढले जाणारे प्रवासी यांच्या छायाचित्रांमुळे या पुराची व्याप्ती सर्वदूर कळली.

स्थळे
मीरा-भाईंदरमधील पाली हे उत्तनलगतचे किनारी गाव रेल्वेमार्गापासून दूर असून तेथील रहिवाशांसाठी भाईंदर हे जवळचे रेल्वे स्थानक आहे. भाईंदर व नायगावदरम्यान पश्चिम रेल्वेचा मार्ग वसईची खाडी ओलांडतो. मधे पाणजू बेट लागते. खाडी, ढग आणि पुलावरील गाडी एकाच चौकटीत येत असल्याने हा परिसर छायाचित्रणास अनुकूल ठरतो. याखेरीज बोरघाट, कोकण रेल्वेमार्ग आणि गोव्यातील दूधसागर धबधबा ही पावसाळी रेल्वेदृश्यांसाठी प्रसिद्ध ठिकाणे आहेत.

तंत्र
पावसाचे थेंब गोठल्यासारखे दाखवण्यासाठी साधारणतः १/५०० सेकंद किंवा त्याहून जलद शटरगती वापरतात. १/६० सेकंदाच्या आसपास थेंबांच्या रेघा उमटतात. समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्याच्या झोतात पाऊस अधिक ठळक दिसतो. बर्फाच्या शुभ्रतेमुळे कॅमेऱ्याचे प्रकाशमापक फसते आणि चित्र काळपट येते, म्हणून तेथे प्रकाश वाढवावा लागतो. पावसाळ्यातही चौकटीत उजळ आकाशाचा भाग मोठा असल्यास गाडी काळी पडते. वातानुकूलित जागेतून दमट हवेत आल्यावर भिंगावर बाष्प धरते. ते आपोआप निवळेपर्यंत थांबणे योग्य असते. फ्लॅशचा प्रकाश जवळच्या थेंबांवरून परावर्तित होऊन चित्र बिघडते आणि मोटरमनचे डोळेही दिपतात. म्हणून तो टाळतात.

दस्तऐवजी मूल्य
फलाटाची कड, रूळ किंवा स्थानकाचा नामफलक चौकटीत असल्यास पाण्याची पातळी व ठिकाण यांचा अंदाज करता येतो. दरवर्षी अतिवृष्टीच्या काळात जुनी छायाचित्रे नवी म्हणून पसरवली जातात आणि प्रवाशांत घबराट निर्माण होते. त्यामुळे दिनांक, वेळ व स्थळ यांची अचूक नोंद नसलेल्या छायाचित्राचे पुरावा म्हणून मूल्य घटते. संकटात सापडलेल्या प्रवाशांचे चित्रण करताना त्यांची प्रतिष्ठा जपणे आणि मदतकार्यात अडथळा न आणणे हे या क्षेत्रातील संकेत मानले जातात.

सुरक्षितता व कायदा
पावसाच्या आवाजात गाडीची चाहूल लागत नाही आणि साचलेल्या पाण्याखाली रूळ किंवा खड्डे दिसत नाहीत. ओव्हरहेड तारांमध्ये २५,००० व्होल्टचा विद्युतदाब असतो. त्यामुळे पादचारी पुलावरून ओली छत्री, सेल्फी स्टिक किंवा तिपाई तारांच्या दिशेने नेणे प्राणघातक ठरू शकते. रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १४७ नुसार रेल्वे हद्दीत अनधिकृत प्रवेश केल्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. रेल्वे हद्दीतील व्यावसायिक चित्रीकरणासाठी पूर्वपरवानगी आवश्यक असते.

हे सुद्धा पहा
मुंबई उपनगरी रेल्वे
वसईची खाडी
कोकण रेल्वे