तळटीप : ‘सेटिंग टाकून घेतली’

१. लोणावळ्याच्या बाजारातून ‘सेटिंग टाकून घेतली’ : म्हणजे फोन जीपीआरएससाठी तयार करून घेतला. नोकिया ६६०० (२००३) यांसारख्या फोनवर इंटरनेट बहुधा आपोआप चालू होत नसे. कंपनीला एसएमएस केला की सेटिंगचा संदेश येई. तो साठवताना पिन मागितला जाई, बहुतेकदा १२३४. संदेश आलाच नाही, तर ‘ॲक्सेस पॉइंट’चे नाव हाताने भरायचे. एक टिंब चुकले तरी पान उघडत नसे. दुकानदाराची खरी मिळकत इथेच! ई-मेलचा खटाटोप आणखी निराळा : येणाऱ्या टपालाला पीओपी३चा सर्व्हर, जाणाऱ्याला एसएमटीपीचा, शिवाय दोन्हींचे पोर्ट क्रमांक. जीमेलने पीओपीची सोय २००४च्या अखेरीस दिली, आयमॅपची २००७मध्ये. लेखक टपालाची फक्त शीर्षके उतरवतो, हा चिक्कूपणा नव्हे. पैसे किलोबाइटवर मोजले जात, आणि सेकंदाला ३०-४० किलोबिट वेग धरला तर एक एमबीच्या फोटोला चारेक मिनिटे लागत. तेवढ्यात गाडी खंडाळ्याच्या बोगद्यात शिरली की जोडणी तुटलीच. पुढे येणारा ‘रोमिंग’चा उल्लेखही यातलाच. दूरसंचाराच्या हिशेबात मुंबई हे स्वतंत्र सर्कल, तर मावळ महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये. त्यामुळे त्या काळी मुंबईचे सिम घेऊन घाट चढणाऱ्या पाहुण्याला रोमिंगचा भुर्दंड पडे. पुण्याहून आलेल्याला नाही.