थंडीची लाट व तिचे पूर्वानुमान (पळसदेव–बारामती परिसर)

थंडीची लाट : किमान तापमान सरासरीच्या बरेच खाली जाऊन सलग दोन किंवा अधिक दिवस तिथेच रेंगाळण्याची हवामानस्थिती. भारतीय हवामान विभागाच्या निकषानुसार मैदानी भागात किमान तापमान १० अंश से. किंवा त्याहून कमी असेल, तरच लाटेचा विचार होतो. ते सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी कमी असल्यास थंडीची लाट आणि त्याहूनही कमी असल्यास तीव्र लाट मानतात. म्हणजे एखाद्या ठिकाणची सरासरी ११ असेल, तर पारा ६.५ वर आल्यावर लाट. सरासरी काहीही असो, ४ अंश किंवा खाली लाट आणि २ अंश किंवा खाली तीव्र लाट, असा दुसरा निकषही आहे. उपविभागातील निदान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस ही स्थिती राहिली, तर दुसऱ्या दिवशी लाट जाहीर होते. त्यामुळे एकट्या गावात कितीही हुडहुडी भरली, तरी कागदोपत्री ती लाट ठरत नाही.

पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यातील पळसदेव हे गाव पुणे–सोलापूर महामार्गावर, उजनी जलाशयाच्या काठी, समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मी. उंचीवर आहे. बारामती व इंदापूर हे तालुके हवामान विभागाच्या ‘मध्य महाराष्ट्र’ उपविभागात मोडतात. येथे बर्फ पडत नाही. पण डिसेंबर–जानेवारीत पारा एक आकडी होणे नवलाचे नाही, आणि अलीकडे राज्यातील नीचांकी तापमानाच्या बातम्यांत निफाडच्या जोडीने जलाशयापलीकडच्या करमाळा तालुक्यातील जेऊरचे नाव वारंवार असते. पुणे शहरातील आजवरची सर्वांत कमी नोंद १.७ अंश आहे. ती १७ जानेवारी १९३५ ची.

लाट येते कशी : भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी झंझावात हिमालयात पाऊस आणि बर्फ पाडतात. झंझावात पूर्वेकडे सरकला, की त्याच्या पाठीमागे आकाश निवळते आणि उत्तरेचे कोरडे, गार वारे राजस्थान, गुजरात व मध्य प्रदेशावरून खाली उतरतात. धुळे, जळगाव, नाशिक आधी गारठतात. भीमेच्या खोऱ्यात परिणाम सहसा त्यानंतर जाणवतो. ही साखळी मोठ्या पल्ल्याची असल्याने संगणकीय प्रारूपांना ती चार-पाच दिवस आधी बऱ्यापैकी दिसते. लाट मोडते तीही ठरावीक रीतीने. मध्य भारतावरील उच्च दाबाचे क्षेत्र सरकते, वारा पूर्वेचा किंवा आग्नेयेचा होतो, बंगालच्या उपसागरावरून दमटपणा येतो आणि रात्रीतून पारा चार-पाच अंशांनी चढू शकतो. थंडी येणार की नाही, हे सांगणे त्यामुळे आज फारसे अवघड राहिलेले नाही.

अवघड आहे तो नेमका आकडा. उत्तरेची हवा कितीही गार असली, तरी पहाटेचे किमान तापमान बरेचसे जागेवरच ठरते. सूर्यास्तानंतर जमीन उष्णता आकाशाकडे सोडत राहते. आकाश निरभ्र, हवा कोरडी आणि वारा पडलेला असेल, तर ही गळती पहाटेपर्यंत अखंड चालते आणि नीचांक सूर्योदयाच्या सुमारास येतो. संध्याकाळचा दवबिंदू हा अंदाजकाराचा जुना, भरवशाचा आधार : पारा तिथवर उतरला, की दहिवर पडू लागते, वाफेचे पाणी होताना उष्णता सुटते आणि पुढची घसरण मंदावते. हवा फार कोरडी असली, की हा टेकू उशिरा मिळतो. पहाटे दोन-तीनच्या सुमारास उंचावर विरळ ढगांचा पडदा आला, तर केलेला अंदाज दोन-तीन अंशांनी चुकतो, आणि हा पडदा नेमका कोणत्या तालुक्यावरून जाईल ते आदल्या दिवशी सांगणे कठीण असते.

शिवाय गार हवा जड. ती उतारावरून वाहत ओढ्याकाठच्या सखल रानात साचते. माळावरच्या आणि ओढ्याकाठच्या बागेत एकाच पहाटे दोन-तीन अंशांचा फरक पडू शकतो, आणि हे तिथल्या शेतकऱ्याला प्रारूपापेक्षा चांगले ठाऊक असते.

मोजमाप : वेधशाळेतील किमान तापमापक जाळीदार पांढऱ्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर आडवा ठेवलेला असतो. त्यात पारा नसून अल्कोहोल असते. नळीत दोन्ही टोकांना फुगीर अशी काचेची बारीक कांडी बुडालेली असते. अल्कोहोल आकसते तेव्हा त्याचा पृष्ठभाग कांडीला मागे ओढतो. प्रसरण पावताना मात्र ते तिच्या बाजूने निघून जाते आणि कांडी नीचांकाच्या खुणेवर राहते. निरीक्षक सकाळी साडेआठला ती वाचतो व नळी कलती करून कांडी पुन्हा पृष्ठभागाशी आणतो. ‘पारा घसरला’ हा मथळा किमान तापमानापुरता असा चुकीचाच आहे.

सव्वा मीटरवरचा हा आकडा पिकाचा नव्हे. एल. ए. रामदास व एस. आत्मनाथन यांनी १९३२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांत असे दिसले, की शांत, निरभ्र रात्री सर्वांत गार थर उघड्या जमिनीला चिकटून नसतो, तर तिच्यावर काही डेसिमीटर उंचीवर असतो. अपेक्षेविरुद्ध असल्याने जगाने या निष्कर्षावर बराच काळ विश्वास ठेवला नाही. ही निरीक्षणे पुण्यातही घेतली गेली होती. त्याच वर्षी पुण्यात सुरू झालेल्या कृषी हवामानशास्त्र शाखेची धुरा रामदास यांनी वाहिली. ‘रामदास थर’ हे नाव आता पाठ्यपुस्तकांत आहे. भुईसरपट भाजीपाला आणि मांडवावरची द्राक्षे एकाच रात्री वेगवेगळी थंडी सोसतात, ती अशी.

जलाशयाचा परिणाम : पाणी सावकाश थंड होते. त्यामुळे उजनीच्या अगदी काठावरची रात्र आतल्या माळरानापेक्षा सौम्य असते आणि गार हवा उबदार पाण्यावर आली, की सकाळी धुई उठते. कॅनडा–अमेरिकेच्या सीमेवरील पंचमहासरोवरांकाठी हीच क्रिया मोठ्या प्रमाणावर घडून ढीगभर बर्फ पडतो. पळसदेवला धुईचा त्रास महामार्गावरच्या वाहनचालकांना होतो. दृश्यमानता १ किमी.च्या आत आली, की धुके आणि २०० मी.च्या आत आली, की दाट धुके. हा उबदार काठ मात्र स्थिर नाही. उजनीची पाणीपातळी वर्षागणिक बदलते. २०२४ च्या उन्हाळ्यात पाणी इतके ओसरले, की एरवी बुडालेले जुन्या पळसदेवचे पळसनाथ मंदिर उघडे पडले. पाणी मागे हटले, की धुईची आणि सौम्य रात्रीची पट्टीही मागे हटते.

पिके व सल्ला : थंडीचा सर्वाधिक धसका द्राक्षबागायतदार घेतात. पारा ८–१० अंशांखाली राहिला, तर मण्यांची फुगवण थांबते. मण्यांत पाणी उतरण्याच्या काळात रात्र फार गार आणि दुपार तापलेली असली, की पांढऱ्या वाणांत मणी गुलाबी पडतात. ही ‘पिंक बेरी’ निर्यातीत चालत नाही. म्हणून घडांना आधीच कागद गुंडाळतात. केळीची वाढ खुंटते, कुक्कुटपालनात पिलांच्या शेडला पडदे लावून दिवे वाढवावे लागतात. पहाटे ठिबक सुरू करणे आणि बागेत शेकोट्या पेटवणे हे दोन उपाय सर्रास होतात. यांपैकी पाण्याचा उपाय अधिक खरा. विहिरीचे पाणी हवेपेक्षा उबदार असते आणि ओली जमीन उष्णता धरून ठेवते. धुराने उष्णतेची गळती थांबते, ही समजूत फोल आहे. शेकोटीचा जो काही लाभ होतो, तो जाळाचा आणि त्याने हवा ढवळली जाण्याचा. न्यूझीलंड आणि कॅलिफोर्नियात द्राक्षबागांत उंच खांबांवर पंखे लावतात, तेही वरची उबदार हवा खाली आणण्यासाठीच.

ध्रुवीय प्रदेशांशी तुलना : येथे वारा सुटला तर बाग वाचते, अतिउत्तरेत वाराच जिवावर उठतो. कॅनडात ताशी ४० किमी. किंवा अधिक वेगाचा वारा आणि ४०० मी. किंवा कमी दृश्यमानता चार तास टिकणार असेल, तर हिमवादळाचा इशारा देतात. वृक्षरेषेच्या उत्तरेस ही मुदत सहा तासांची. त्यासाठी नवा बर्फ पडायलाच हवा असे नाही. पडलेला भुसभुशीत बर्फ उडाला तरी पुरते. उणे ३० अंशांत ताशी ४० किमी. वारा असला, तर उघड्या त्वचेला ते सुमारे उणे ४८ भासते. पारा उणे ३९ च्या आसपास गोठत असल्याने पाऱ्याचे तापमापक तिथे निकामी ठरतात. केंद्रे विरळ, आणि विषुववृत्तावर स्थिर असलेल्या उपग्रहांना ध्रुव नीट दिसत नाहीत. त्यामुळे भिस्त ध्रुवांवरून फिरणाऱ्या उपग्रहांवर. अशा ध्रुवीय हवामानाचा अनुभव भारतीयांना मिळतो तो दक्षिण टोकाला. अंटार्क्टिकातील ‘मैत्री’ (१९८९) व ‘भारती’ (२०१२) ही स्थानके गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र चालवते, आणि मैत्रीवर हवामान विभागाचे कर्मचारी नोंदी घेतात. तिथे हिमवादळाचा अंदाज चुकला, तर तंबूबाहेर गेलेला माणूस परत येण्याचा प्रश्न असतो.

यंत्रणा : १८७५ मध्ये स्थापन झालेल्या हवामान विभागाचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यात आले आणि पुढे दिल्लीला गेले. पुण्यातील शिवाजीनगरच्या त्या इमारतीला व बसथांब्याला पुणेकर अजून ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. बर्फाशी पुण्याचा संबंध एवढ्यावर संपत नाही. हिमालयातील बर्फावरून मान्सूनचा अंदाज बांधण्याची वाट एच. एफ. ब्लॅनफर्ड यांनी १८८० च्या दशकात घातली, आणि पुण्याचे वसंत गोवारीकर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १९८८ च्या सोळा घटकांच्या प्रारूपातही हिमालय व युरेशियातील हिमाच्छादन होतेच. मे २०२५ मध्ये कार्यान्वित झालेली, पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ ६ किमी.च्या चौकटीत अंदाज देते. त्या एका चौकटीत पळसदेवचा काठ, माळ आणि ओढा सगळेच मावते. दर मंगळवारी व शुक्रवारी निघणारा कृषी सल्लाही म्हणून जिल्हा किंवा तालुक्याच्या पातळीवरच बोलतो. बारामतीजवळ माळेगाव येथे २००९ पासून राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे. पिकांवरील हवामानाच्या ताणाचा अभ्यास तिच्या कक्षेत येतो.

महसूल मंडळनिहाय ‘महावेध’ प्रकल्पाने राज्यात दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रे उभारली. हवामानावर आधारित फळपीक विम्यात भरपाई याच नोंदींवर ठरते : केळीसाठी किमान तापमान ठरलेल्या मर्यादेखाली सलग काही दिवस राहावे लागते. मंडळाचे केंद्र माळावर आणि बाग ओढ्यात असेल, तर बागेने सोसलेली थंडी त्या नोंदीत येत नाही, आणि भरपाईही मिळत नाही.