फर्ग्युसनची मळसूत्री बंदूक

अठराव्या शतकातील शिपाई बंदूक भरीत असे ती उभ्याने व तोंडाकडून. पेचदार खोबणीच्या रायफलीत गोळी घट्ट बसावी लागे. म्हणून नेम अचूक असला तरी गज ठासण्यात फार वेळ जाई. पॅट्रिक फर्ग्युसन (१७४४–१७८०) या स्कॉटिश अधिकाऱ्याने ही अडचण नळीच्या मागच्या बाजूने सोडविली.

नळीच्या मागील टोकाशी त्याने एक उभा मळसूत्री खिळा बसविला व तो चापाच्या कड्याला जोडला. कडे एकदा फिरविले की खिळा खाली उतरे आणि नळीच्या वरच्या अंगास भोक उघडे. त्यातून आधी गोळी सोडावयाची. ती किंचित मोठी असल्याने खोबणीच्या तोंडाशी अडे. मागोमाग दारू ओतून कडे उलट फिरवावयाचे. साध्या मळसूत्रास याला अनेक फेरे लागले असते. येथे अनेक आटे शेजारी-शेजारी कापलेले असल्याने एक फेरा पुरे. मूळ कल्पना इझाक द ला शोमेत या फ्रेंच गृहस्थाची, हे खरे. परंतु दारूच्या काजळीने मळसूत्र अडकू नये म्हणून त्यावर खाचा ठेवणे, ही फर्ग्युसनची दृष्टी आम्हांस अधिक मोलाची वाटते.

१ जून १७७६ रोजी वुलविच येथे भर पावसात त्याने दोनशे यार्डांवर मिनिटास चार गोळ्या झाडल्या. नंतर बंदुकीत पाणी ओतून दारू भिजविली, खिळा उघडून ती काढली व थोड्याच वेळात पुन्हा बार काढला. पावसात निकामी होणाऱ्या बंदुकांच्या काळात ही गोष्ट लहान नव्हे.

ही बंदूक पुरेशी बनली असती तर इंग्रजांनी अमेरिका गमावली नसती, असे काही लेखक म्हणतात. आम्हांस हे पटत नाही. इंग्रज सरकारने तिचे सुमारे शंभरच नग करवून घेतले. हे मळसूत्र कापणे कष्टाचे व खर्चाचे होते. शिवाय खिळ्यासाठी लाकूड कोरल्याने दस्ता तेथे नाजूक होई. मॉरिसटाउन येथे जतन केलेल्या नमुन्याचा दस्ता मोडून सांधलेला आहे. ११ सप्टेंबर १७७७ रोजी ब्रँडिवाइनच्या लढाईत फर्ग्युसनचा उजवा कोपर फुटला आणि त्याची तुकडीही मोडली. ७ ऑक्टोबर १७८० रोजी किंग्ज माउंटन येथे तो पडला.

पुढे १८०० च्या सुमारास इंग्रज सैन्याने बेकर रायफल घेतली, ती पुन्हा तोंडाने भरण्याचीच. गोळी आत घालण्यास आरंभी सोबत लाकडी हातोडी दिली जाई.