ब्लॅक गिव्हज वे टू ब्लू

अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहरातल्या ‘ॲलिस इन चेन्स’ या रॉक बँडचा चौथा स्टुडिओ अल्बम. प्रकाशन २९ सप्टेंबर २००९. या आधीचा अल्बम नोव्हेंबर १९९५ मध्ये आला होता, म्हणजे मध्ये जवळजवळ चौदा वर्षांचा खंड पडला. या काळात बँडने आपला मुख्य गायक कायमचा गमावला.

१९८७ मध्ये स्थापन झालेला हा बँड ‘निर्वाणा’, ‘पर्ल जॅम’ आणि ‘साउंडगार्डन’ यांच्यासोबत रॉकमधील ग्रंज प्रवाहातला म्हणून ओळखला जातो. ‘फेसलिफ्ट’ (१९९०) आणि ‘डर्ट’ (१९९२) या अल्बमांनी त्याचे नाव झाले. खालच्या पट्टीत लावलेली जड, संथ गिटार हे त्याचे एक लक्षण. पण खरी ओळख दोन आवाजांची. गायक लेन स्टेली आणि गिटारवादक जेरी कँट्रेल एकाच वेळी, एकमेकांना अगदी लगटून गात. कित्येक गाण्यांत मूळ चाल कोणाची आणि साथीचा सूर कोणाचा, हे वेगळे काढता येत नाही. म्हणूनच स्टेलीची जागा भरणे म्हणजे नुसता नवा गायक नेमणे नव्हते.

स्टेली हेरॉइनच्या आहारी गेला होता. ३ जुलै १९९६ रोजी कॅन्सस सिटीत ‘किस’ या बँडच्या कार्यक्रमाआधी त्याने ॲलिस इन चेन्ससोबत मंचावर शेवटचे गायन केले. बँड मोडल्याची घोषणा कधीच झाली नाही. काम तेवढे थांबले. एप्रिल २००२ मध्ये, वयाच्या ३४व्या वर्षी, स्टेली सिअ‍ॅटलमधील राहत्या घरी मरण पावला आणि मृत्यूनंतर सुमारे दोन आठवडे ते कोणालाही कळले नाही. त्याच वर्षी आलेला ‘डिग्रेडेशन ट्रिप’ हा स्वतंत्र अल्बम कँट्रेलने त्याला अर्पण केला.

उरलेले तिघे, कँट्रेल, ड्रमर शॉन किनी आणि बास वाजवणारा माइक आयनेझ, पुन्हा एका मंचावर आले ते फेब्रुवारी २००५ मध्ये. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने तमिळनाडू, अंदमानपासून इंडोनेशियापर्यंत हाहाकार उडवला होता. त्या आपद्ग्रस्तांच्या मदतीसाठी सिअ‍ॅटलमध्ये झालेल्या कार्यक्रमात त्यांनी पाहुण्या गायकांना घेऊन जुनी गाणी सादर केली. पुढच्या वर्षीच्या दौऱ्यात विल्यम डुव्हाल गायक व गिटारवादक म्हणून आला. ‘कम्स विथ द फॉल’ या बँडचा हा गायक कँट्रेलला आधीपासून ओळखत होता आणि त्याच्या स्वतंत्र दौऱ्यांत सोबतही होता.

ध्वनिमुद्रणाला २००८ च्या शरद ऋतूत लॉस एंजेलिस परिसरात, ‘निर्वाणा’चा ड्रमर राहिलेल्या डेव्ह ग्रोलच्या ‘स्टुडिओ ६०६’मध्ये सुरुवात झाली. निर्माता निक रॅस्क्युलिनेझ. तेव्हा बँडचा कोणत्याही कंपनीशी करार नव्हता. खर्च सदस्यांनी स्वतःच्या खिशातून केला. ‘व्हर्जिन/ईएमआय’ ही कंपनी नंतर आली.

अल्बममध्ये अकरा गाणी आहेत. डुव्हालला स्टेलीची नक्कल करायला लावलेली नाही, हा सर्वांत शहाणपणाचा निर्णय. बहुतेक ठिकाणी कँट्रेल पुढे गातो आणि डुव्हालचा आवाज त्याला जोडून येतो. पूर्वी जे नाते स्टेली आणि कँट्रेल यांच्यात होते, ते येथे उलट्या बाजूने उभे राहते. ‘चेक माय ब्रेन’मध्ये गिटारची तार सतत ताणून सूर मुद्दाम डळमळता ठेवला आहे. ‘अ लुकिंग इन व्ह्यू’ सात मिनिटांचे, दाट आणि गुदमरवणारे. ‘युअर डिसिजन’ आणि ‘व्हेन द सन रोझ अगेन’ ही गाणी मात्र मंद, ध्वनिक गिटारवर चालणारी आहेत.

शेवटचे, अल्बमच्याच नावाचे गाणे स्टेलीला वाहिलेले आहे. त्यात पियानो एल्टन जॉनने वाजवला आहे. स्टेलीने आयुष्यात पाहिलेली पहिली मैफल एल्टन जॉनची होती, त्यामुळे हे नाव केवळ प्रसिद्धीसाठी घेतलेले नाही. गाणे जेमतेम तीन मिनिटांचे, कुठेही आवाज न चढवणारे. इतक्या गोंगाटी बँडने आपल्या मित्राला असा निरोप द्यावा, हे ऐकताना आजही आत हलवून जाते.

बिलबोर्ड २०० यादीत अल्बम पाचव्या क्रमांकावर दाखल झाला आणि पहिल्या आठवड्यात अमेरिकेत सुमारे १ लाख २६ हजार प्रती खपल्या. २०१० मध्ये त्याला सुवर्ण प्रमाणपत्र मिळाले, तर ‘चेक माय ब्रेन’ला ग्रॅमीचे नामांकन. याच संचाने पुढे ‘द डेव्हिल पुट डायनोसॉर्स हिअर’ (२०१३) आणि ‘रेनिअर फॉग’ (२०१८) हे अल्बम केले. प्रस्तुत अल्बम त्या दोन्हींपेक्षा सरस आहे. नव्या श्रोत्याने आधी ‘डर्ट’ ऐकावा आणि मग याकडे वळावे.