बिठूरचा तनखा आणि दिल्लीचा निवाडा

नोकरदार मनुष्य आपल्या आर्थिक स्वातंत्र्याचे मोजमाप बहुधा आकड्यांनी करतो. शिल्लक किती, घराचे हप्ते किती उरले, निवृत्तीनंतर महिन्याकाठी हाती काय येईल, ही बेरीज-वजाबाकी रामकृष्णपुरमच्या सरकारी निवासात जशी चालते, तशीच ती नोएडा-गाझियाबादकडे कर्जाने घेतलेल्या सदनिकेतही चालते. परंतु इतिहासाकडे पाहिले असता, रक्कम किती हा प्रश्न दुसरा ठरतो. पहिला प्रश्न असा की, ती रक्कम बंद करण्याचा अधिकार कोणाच्या हाती आहे? या प्रश्नाचे उत्तर मराठी माणसाने एकदा फार मोठी किंमत देऊन ऐकलेले आहे.

१८१८ च्या जूनमध्ये दुसरा बाजीराव सर जॉन माल्कमच्या स्वाधीन झाला, तेव्हा त्याला वर्षाला ८ लक्ष रुपयांचा तनखा ठरवून देण्यात आला आणि कानपूरजवळ बिठूर येथे त्याची रवानगी झाली. सुमारे तेहतीस वर्षे तो तनखा चालू राहिला. २८ जानेवारी १८५१ रोजी बाजीराव वारला आणि तनखाही त्याच्याबरोबर संपला. तनखा व्यक्तीपुरता होता, दत्तकपुत्र नानासाहेबांचा त्यावर अधिकार नाही, शिवाय बाजीरावाने मागे पुरेशी संपत्ती ठेवली आहे, असे डलहौसीच्या सरकारचे म्हणणे पडले. नानासाहेबांनी अर्ज केले. १८५३ मध्ये अजीमुल्लाखानास लंडनला पाठविले. उपयोग झाला नाही. देणारा, अर्ज वाचणारा आणि निकाल सांगणारा एकच होता. ८ लक्षांचा धनी असूनही बिठूरचा वाडा आर्थिकदृष्ट्या स्वतंत्र कधीच नव्हता, याचे कारण नेमके हे.

१८५७ चा वणवा विझल्यानंतर सरकारने ही व्यवस्था कायद्याच्या चौकटीत बसविली. १८७१ चा पेन्शन कायदा मोठा विलक्षण आहे. त्याच्या एका कलमाने पेन्शनीस सावकाराच्या जप्तीपासून संरक्षण दिले; पुढे मिळावयाच्या पेन्शनीचे आगाऊ हस्तांतरही निरर्थक ठरविले. पेन्शनरांच्या घरची चूल त्यामुळे राहिली, हे मान्य केले पाहिजे. पण त्याच कायद्याने पेन्शनीविषयीचा दावा सरकारी अधिकाऱ्याच्या दाखल्यावाचून दिवाणी न्यायालयात चालविण्यास मनाई केली. सावकारापासून तुमचे रक्षण आम्ही करू, परंतु आमच्यापासून तुमचे रक्षण कोणीही करणार नाही, असा त्याचा सरळ अर्थ होता.

स्वातंत्र्यानंतर सर्वोच्च न्यायालय १९५० मध्ये स्थापन झाले आणि १९५८ पर्यंत ते संसद भवनातील नरेंद्रमंडळाच्या दालनात भरत असे. पूर्वी जेथे संस्थानिक बसत, तेथे आता प्रजेचे दावे चालू लागले. संस्थानिकांनाही तनखे होते, आणि ते राज्यघटनेत नमूद होते. १९७० मध्ये राष्ट्रपतींच्या आदेशाने संस्थानिकांची मान्यता काढून घेण्यात आली, तेव्हा ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्याचे माधवराव न्यायालयात गेले आणि त्या वर्षाच्या डिसेंबरात त्यांनी दावा जिंकलाही. नानासाहेबांना जी दाद कोठेच मिळाली नाही, ती मराठी सरदारघराण्यातील या वंशजास दिल्लीत मिळाली. परंतु १९७१ च्या अखेरीस संसदेने सव्विसावी घटनादुरुस्ती करून तनखेच रद्द केले. जन्मामुळे मिळणारे वेतन लोकशाहीत टिकणे कठीणच होते.

त्याच १९७१ साली याच न्यायालयाने दुसरा एक निर्णय दिला. बिहारच्या शिक्षणखात्यातील देवकीनंदन प्रसाद या अधिकाऱ्याच्या अर्जावर न्यायालय म्हणाले की, निवृत्तिवेतन ही सरकारची बक्षिसी नव्हे. ती सेवकाची मालमत्ता होय. म्हणजे एकाच वर्षात जन्मसिद्ध तनखा अस्तास गेला आणि श्रमाने मिळविलेले वेतन मालमत्तेच्या पदवीस पोहोचले. यास योगायोग म्हणावे. पण त्याचा अर्थ लक्षात राहण्याजोगा आहे.

पुढे मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीतून वगळला गेला. तेव्हा पेन्शनराला दुसरा आधार शोधावा लागला आणि तो समानतेच्या तत्त्वात सापडला. २५ मे १९७९ च्या आदेशाने केंद्र सरकारने निवृत्तिवेतनाचे सूत्र उदार केले. शेवटच्या ३६ महिन्यांच्या सरासरीऐवजी १० महिन्यांची सरासरी धरावयाचे ठरले. मात्र हा लाभ ३१ मार्च १९७९ रोजी वा त्यानंतर निवृत्त होणाऱ्यांनाच होता. एक दिवस आधी निवृत्त झालेला अधिकारी जन्मभर मागे पडणार होता. संरक्षण मंत्रालयातून १९७२ मध्ये निवृत्त झालेले वित्त सल्लागार नकारा आणि इतर अर्जदार यांनी हा प्रश्न टिळक मार्गावरील न्यायालयात नेला. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या पीठाने १७ डिसेंबर १९८२ रोजी निकाल दिला. पीठात न्यायमूर्ती तुळजापूरकरही होते. निकालपत्र न्यायमूर्ती देसाई यांनी लिहिले. निवृत्तिवेतन ही कृपा नव्हे, ते केलेल्या सेवेचे देणे व वृद्धापकाळाचे सामाजिक संरक्षण होय. केवळ तारखेच्या रेघेने निवृत्तांचे दोन वर्ग पाडणे समानतेस धरून नाही, असा त्याचा आशय आहे. मागील थकबाकी मिळाली नाही, पण नवे सूत्र जुन्यांनाही लागू झाले. १७ डिसेंबर हा दिवस पेन्शनर मंडळी अद्याप पाळतात, तो याच कारणाने.

येथे कथा संपली असती तर बरे होते. पुढील निकालांनी नकारा निवाड्याची व्याप्ती आखडली. १ जानेवारी २००४ पासून, सैन्यदले वगळता, केंद्राच्या सेवेत येणाऱ्यांस जुने निवृत्तिवेतन राहिले नाही. पगाराच्या दहा टक्के वर्गणी सेवकाची. तितकीच सरकारची, जी २०१९ मध्ये चौदा टक्के झाली. आणि या पुंजीचे भवितव्य बाजाराच्या हाती. जुन्या पद्धतीत पैसा सरकारचा आणि हक्क सेवकाचा होता. नव्या पद्धतीत पैसा सेवकाच्या नावचा, पण अखेरीस किती मिळेल याचे वचन कोणाचेच नाही. १ एप्रिल २०२५ पासून आलेल्या एकीकृत योजनेने पंचवीस वर्षांच्या सेवेस शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्म्या रकमेचे वचन पुन्हा दिले आहे. पण त्याच वर्षीच्या वित्त अधिनियमाने निवृत्तीच्या तारखेवरून निवृत्तांत भेद करण्याचा सरकारचा अधिकारही मान्य केला. जी रेघ १९८२ मध्ये पुसली गेली, ती ओढण्याची लेखणी पुन्हा सरकारच्या हाती आली आहे.

यावरून दिल्लीत नोकरी करणाऱ्या आपल्यासारख्यांनी काय घ्यावे? स्वतःची बचत हवी, यात शंका नाही. पगाराबाहेर काही शिल्लक असलेला मनुष्यच वरिष्ठापुढे नम्रपणे ‘नाही’ म्हणू शकतो. पण केवळ बचतीने काम भागत नाही, हे बिठूरने दाखविले आहे. बाजीरावाच्या तिजोरीतील शिल्लक हीच त्याच्या वारसाविरुद्धची सबब ठरली. तेव्हा कोणत्या नियमाने आपल्याला काय मिळावयाचे आहे, कोणता विकल्प आपण लिहून दिला आहे आणि तो कोणाला बदलता येतो, हे सेवकाने सेवेत असतानाच समजून घ्यावे. नकारा आणि त्यांचे सहकारी निवृत्तीनंतर न्यायालयाची पायरी चढले, आणि त्यांना अनोळखी असलेल्या असंख्य निवृत्तांच्या घरी त्याचे फळ पोहोचले. एकट्याच्या आर्थिक स्वातंत्र्याचा पाया असा पुष्कळदा दुसऱ्या कोणी तरी घातलेला असतो.