दलाल नावाचा साक्षीदार

'दलाल' हा शब्द आपण जवळजवळ शिवीसारखा वापरतो. मूळ अरबी शब्दाचा अर्थ मात्र साधा आहे, वाट दाखवणारा. मुंबईत घर घेताना-विकताना हा माणूस नेमकी कुठली वाट दाखवत आला, ते गेले काही दिवस मी शोधत बसले होते. निमित्त घरचंच. आईचा मुलुंडचा फ्लॅट विकायचा आहे. त्या पैशांवर तिची पुढची वर्षं निघायची आहेत. आणि एजंट कोणता धरायचा यावर मामा, आत्या आणि आम्ही भावंडं मिळून पाच मतं आहेत. (हो आत्या, तुझं धरून!)

तर, सुरुवात १९४७ पासून करू. त्या वर्षीच्या भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या जागांची भाडी साधारण सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून टाकली. युद्ध, फाळणी आणि निर्वासित, त्यात मुंबईकडे येणारी माणसं, अशा काळात भाडेकरूला आधार देणं गरजेचंच होतं. पण भाडं गोठलं आणि शहर वाढत राहिलं. मग जागेची खरी किंमत दुसऱ्या वाटेने वसूल होऊ लागली. तिचं नाव पागडी.

पागडी घेणं त्या कायद्याने गुन्हा होता. म्हणजे रोख रक्कम द्यायची आणि पावती मिळायची नाही. सोडणारा भाडेकरू, येणारा भाडेकरू आणि घरमालक या तिघांत कोणी किती घेतलं, याचा साक्षीदार एकच, दलाल. आमच्या आजोबांनी गिरगावात दोन खोल्या घेतल्या त्या अशाच. भाड्याच्या पावत्या जपून ठेवलेल्या आहेत, पागडीचा एक चिटोरा नाही. त्या दलालाबद्दल घरात एवढंच सांगतात की माणूस शब्दाचा पक्का होता. तेव्हा दलाल निवडायचा तो याच एका गुणावर, कारण शब्दाखेरीज हातात दुसरं काही नसायचंच. पागडीला कायद्याची मान्यता मिळाली ती थेट १९९९ च्या नव्या भाडे कायद्याने, ३१ मार्च २००० पासून.

मधल्या काळात ओनरशिपचे फ्लॅट आले. १९६३ च्या कायद्याने बिल्डरला बजावलं की किमतीच्या २० टक्क्यांहून जास्त रक्कम घेण्याआधी लेखी करार करून तो नोंदवायचा. कागद आला खरा, पण तो बिल्डर आणि ग्राहक यांच्यातला. दलाल त्या चौकटीच्या बाहेरच राहिला.

मग १९७३. भाडे कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी लीव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्यांना भाडेकरूचं संरक्षण मिळालं. घरमालकांनी त्याची अशी धास्ती घेतली की अनेकांना घर भाड्याने देण्यापेक्षा कुलूप लावलेलं बरं वाटू लागलं. आता दलालाकडे वेगळीच मागणी सुरू झाली: वेळेवर घर सोडेल असा माणूस आणून द्या! बँकेचा बदलीवाला अधिकारी किंवा कंपनीचं नाव पुढे असलेला पाहुणा म्हणजे सोन्याहून पिवळा. इथेही दलाल विकत होता तो भरवसाच.

एजंटवर कायद्याचा थेट हात पडला तो रेरामुळे. २०१६ चा हा कायदा १ मे २०१७ पासून पुरता लागू झाला आणि महाराष्ट्रात एजंटना महारेराकडे नोंदणी करावी लागली. २०२३ मध्ये तर त्यांच्यासाठी प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची झाली. मामा म्हणतो तेच, "नंबर असलेला बघ, संपलं."

पण मामा, संपत नाही. ही नोंदणीची सक्ती आहे बिल्डरच्या प्रकल्पातली घरं विकून देण्यासाठी. आईचा फ्लॅट तीस वर्षांच्या सोसायटीतला, रीसेलचा. तिथे नंबर असला तर चांगलंच, पण त्या नंबराची ढाल आपल्या व्यवहाराला पुरत नाही. आपल्या मदतीला येतो तो १८७२ चा करार कायदा! एजंटने आपल्याला अंधारात ठेवून स्वतःसाठीच व्यवहार केला, तर त्यातला फायदा मागण्याचा हक्क त्यात दिलेला आहे. भाच्याच्या नावावर स्वस्तात घर उचलायची युक्ती तेव्हाही माहीत असणार.

म्हणून माझी यादी अशी. दलाली किती टक्के, आणि तो ती समोरच्या पार्टीकडूनही घेणार का, हे आधी लिहून घ्यायचं. दोन्हीकडून घेणं हा आपल्याकडचा रिवाज आहे, पण मग भाव ओढताना तो कोणाच्या बाजूने ओढणार ते आपण ओळखून असावं. आमच्या आसपास अलीकडे कुठले सौदे केले ते विचारायचं आणि नोंदणी विभागाच्या साइटवर इंडेक्स टू काढून ताडून बघायचं. टोकन आईच्या खात्यात, चेकनेच. शेअर सर्टिफिकेट आणि मूळ करार कपाटातून हलणार नाहीत, द्यायच्या त्या झेरॉक्स. आणि एक बारीक परीक्षा: पहिल्या भेटीत तो किंमत आधी विचारतो की कागद? कागद विचारणाऱ्याला पुढचे अडथळे ठाऊक असतात.

आजोबांना शब्दाचा पक्का माणूस शोधावा लागला, कारण त्यांच्या व्यवहाराला उजेडात जागा नव्हती. आईच्या व्यवहाराला ती आहे. तेव्हा "ताई, माझ्यावर सोडा" म्हणणाऱ्यापेक्षा "ताई, इथे लिहून देतो" म्हणणाऱ्याला माझं मत.

आता उरलेली चार मतं रविवारी जेवायला या. आळूचं फदफदं करते आहे.