पडद्यामागची सम: टीव्ही, व्हिडिओ गेम आणि सिंकचा इतिहास

ज्यांच्या घरी नव्वदच्या दशकातला व्हिडिओ गेम माळ्यावर पडून आहे, त्यांच्यासाठी आजचं बोलणं आहे. नव्या एलईडी टीव्हीला तो लावला, चित्र आलं नाही, म्हणजे बिघडला, असं ठरवून आपण तो भंगारात काढतो. आपला जालना तर भंगार वितळवून सळई करणारं गाव, इथे गिऱ्हाईक लगेच मिळतं. पण पुष्कळदा यंत्र ठणठणीत असतं. बिनसलेला असतो तो यंत्राचा आणि टीव्हीचा ताळमेळ. या ताळमेळाला म्हणतात सिंक.

थोडं मागे जाऊ. औरंगाबाद जिल्ह्याचे काही तालुके आणि परभणीतलं परतूर मिळून जालना जिल्हा झाला, तो १ मे १९८१ रोजी. पुढच्याच वर्षी, दिल्लीच्या आशियाई खेळांच्या निमित्ताने दूरदर्शन रंगीत झालं. रंगासाठी आपण पद्धत घेतली पाल. भिंतीवरची नव्हे, युरोपातली. तिच्यात एक चित्र ६२५ ओळींचं आणि सेकंदाला अशी २५ चित्रं. प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत रंगवलं जाई, म्हणजे पडदा सेकंदाला ५० वेळा भरायचा.

हा ५० चा आकडा आला विजेवरून. आपल्या घरातली वीज ५० हर्ट्झची. टीव्हीची गती विजेशी जुळलेली असली, की चित्रात हलणारे आडवे पट्टे येत नाहीत. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, म्हणून तिथे पडदा ६० वेळा आणि ओळी ५२५. जपानने टीव्हीसाठी अमेरिकेचीच पद्धत घेतली.

आता सिंक म्हणजे काय? जुन्या टीव्हीत एक इलेक्ट्रॉनचा झोत डावीकडून उजवीकडे ओळ रंगवत खाली उतरतो. ओळ संपली, परत फीर, हे त्याला सांगावं लागतं. पडदा संपला, वर जा, हेही सांगावं लागतं. तबल्यात मात्रा असते आणि आवर्तन पुरं झालं की सम येते, तसंच हे. एका ओळीला ६४ मायक्रोसेकंद मिळतात, त्यातले ४.७ निव्वळ या इशाऱ्याचे. तो इशारा पडद्यावर दिसत नाही. तो चुकला की मात्र लगेच कळतं: चित्र वर-खाली पळतं किंवा तिरपं फाटतं. मग कुणीतरी टीव्हीच्या मागे हात घालून व्हर्टिकल होल्डचं बटण पिळायचं.

प्रक्षेपणात सर्वांत जास्त ताकद या इशाऱ्यालाच दिलेली असे. म्हणून केंद्रापासून लांबच्या गावात पडद्यावर मुंग्या दिसायच्या, तरी चित्र जागेवर थांबायचं. मुंग्यांतून रामायण बघता आलं, त्यामागे हे गणित होतं.

जुलै १९८३ मध्ये जपानात निन्टेन्डोचं फॅमिकॉम आलं. आपल्याकडे घरोघरी पोचल्या त्या मुख्यतः त्याच्या नकला. कॅसेट घालायची, अँटेनाची वायर काढून गेमची लावायची आणि रिकामं चॅनल ट्यून करायचं. या वायरीत चित्र, आवाज, रंग, सिंक सगळं कोंबून, वर रेडिओलहरीवर चढवलेलं असे, म्हणून चित्र सर्वांत गढूळ. नंतर पिवळी पिन आली. तिच्यात चित्र, रंग आणि सिंक एकत्र, पण आवाज वेगळा आणि रेडिओचा फेरा नाही. एस-व्हिडिओत उजेड आणि रंग वेगळे झाले, सिंक उजेडाबरोबर राहिला. कंपोनंटच्या तीन तारांत तो हिरव्या तारेतून जातो. कॉम्प्युटरच्या व्हीजीए वायरीत आडव्या आणि उभ्या सिंकला दोन स्वतंत्र तारा असतात. एकूण इतिहास असा: वायर सुधारत गेली, तसतसे एकात कोंबलेले इशारे सुटे होत गेले.

गंमत पुढे आहे. या खेळांचा हिशेब पडद्याच्या फेऱ्यांवर चालतो, एका फेरीत एक पाऊल. जपान-अमेरिकेसाठी केलेला, ६० फेऱ्यांचा खेळ आपल्या ५० च्या यंत्रात घातला, की पाच मिनिटांचा खेळ सहा मिनिटं चालणार. नकला करणाऱ्यांनी पालसाठीच्या चिपा अशा बनवल्या की जपानी कॅसेट चालावी. त्यामुळे गाण्याची लय उतरायची, पट्टी मात्र जवळपास तीच राहायची. म्हणजे अशा यंत्रावरचा आपला मारियो जपानी मुलाच्या मारियोपेक्षा सावकाश धावत होता, आणि आपल्याला तोच त्याचा खरा वेग वाटत होता! विजेचा आकडा मुलांच्या खेळात असा शिरला होता.

मग नव्या टीव्हीवर अडतं कुठे? दूरदर्शनच्या एका हप्त्यात साडेतीनशे बारा... नाही, नीट आकडा लिहून घ्या, ३१२.५ ओळी येतात. त्या अर्ध्या ओळीमुळे दुसरा हप्ता पहिल्याच्या फटींत बसतो. हे खेळ तो अर्धा सोडून देतात आणि ३१२ च पाठवतात, म्हणजे प्रत्येक फेरी आधीच्याच ओळींवर पडते. जुना टीव्ही हे मुकाट्याने दाखवायचा. नव्यातले काही गोंधळतात: चित्र धूसर करतात, थरथरवतात किंवा पडदा काळाच ठेवतात.

तेव्हा निदान असं करा. चित्र स्थिर पण काळं-पांढरं असेल, तर सिंक ठीक आहे, रंगाची पद्धत जुळत नाही. मेनूत पाल आणि एनटीएससी बदलून बघा. चित्र पळत असेल, तर सिंक पोचत नाही किंवा गती जुळत नाही. आधी वायर आणि पिन तपासा. काहीच दिसत नसेल, तर एकदा जुन्या डब्बा टीव्हीवर लावून बघा. मात्र त्या टीव्हीचं झाकण स्वतः उघडू नका, बंद केल्यावरही आत जबर व्होल्टेज राहू शकतं.

बदकं मारायची बंदूक मात्र नव्या टीव्हीवर चालणारच नाही. जुन्या पडद्यावर उजेड ज्या क्षणी उमटतो, तो क्षण ती टिपते. नवा पडदा तो क्षण उशिरा दाखवतो.

म्हणून सांगतो, गेम जपायचा असेल तर तालुक्याच्या गावात एखादा तरी चालू डब्बा टीव्ही जपा. कॅसेटमधला खेळ कॉम्प्युटरवर उतरवता येतो. तो ज्या लयीत आपण खेळलो, ती लय त्या जोडीतच ऐकू येते.